नाडकर्णी, बापू

(४ एप्रिल १९३३ – १७ जानेवारी २०२०). भारतीय कसोटी क्रिकेटपटू; डावखुरे फिरकी गोलंदाज आणि फलंदाज. पूर्ण नाव रमेशचंद्र गंगाराम नाडकर्णी. जन्म नाशिक येथे. रणजी करंडक स्पर्धेत आधी महाराष्ट्राकडून, नंतर मुंबईकडून खेळले. १९५५ मध्ये दिल्लीत न्यूझीलंडविरुद्ध कसोटी पदार्पण. त्या कसोटीत नाबाद ६८ धावा.

जानेवारी १९६४ मध्ये मद्रास कसोटीत इंग्लंडविरुद्ध त्यांनी सलग २१ षटके निर्धाव टाकली. बोलस आणि बॅरिंग्टन यांच्यासारख्या फलंदाजांना ओळीने १३१ चेंडूंवर एकही धाव मिळाली नाही. डावातील पृथक्करण : ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, बळी नाही. सरावात खेळपट्टीवर नाणे ठेवून त्यावर चेंडू टाकण्याची शिस्त या अचूकतेमागे होती. केवळ धावा रोखणारा गोलंदाज ही त्यांची ओळख मात्र अन्यायकारक आहे. त्याच मालिकेत कानपूरला त्यांनी नाबाद १२२ धावा केल्या, त्याच वर्षी मद्रासला ऑस्ट्रेलियाविरुद्ध ११ बळी घेतले आणि १९६८ मध्ये वेलिंग्टनला ४३ धावांत ६ बळी टिपले. परदेशातील भारताच्या पहिल्या मालिका विजयात वेलिंग्टनच्या या कामगिरीचा मोठा वाटा होता.

४१ कसोटींत १,४१४ धावा, ८८ बळी. षटकामागे सरासरी १.६७ धावा. मुंबईत निधन.