बिऱ्हाडाची बांधाबांध आणि घरचे कागद

माळव्यात आणि ग्वाल्हेरीस स्थायिक झालेल्या आपल्या मराठी घराण्यांचा इतिहास हा एका अर्थी बांधाबांधीचा इतिहास आहे. पूर्वज आले ते शिंदे-होळकरांच्या फौजांच्या पाठोपाठ. पुढे दरबारची चाकरी, वतन, बदली अशा निमित्तांनी बिऱ्हाडे हलत राहिली. या स्थलांतरांच्या राजकीय कारणांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु निघताना कोणती वस्तू कशी बांधली गेली, यावर त्या घराची किती स्मृती उरली हे ठरत गेले. त्याचा विचार मात्र क्वचितच झाला आहे.

रेल्वेपूर्व काळात सामान जाई ते बैलांच्या व उंटांच्या पाठीवरून, गाड्यांतून, आणि नाजूक वस्तू असल्यास माणसाच्या खांद्यावरील कावडीतून. पाठीवरच्या ओझ्याचा तोल दोन्ही बाजूंस सारखा हवा, हा पहिला नियम. यासंबंधी विष्णुभट गोडसे यांचे उदाहरण बोलके आहे. कोकणातील वरसईचे हे भिक्षुक 1857 साली उत्तरेस निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. मिळविलेले द्रव्य वाटेत लुटले गेले. पण आईवडिलांसाठी घेतलेली गंगेची कावड त्यांनी वरसईस सुखरूप पोहोचविली. जे सर्वांत मोलाचे मानले, ते सर्वांत जपून नेले गेले.

1870 साली मुंबई-जबलपूर लोहमार्ग पूर्ण झाला. तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी दिलेल्या एक कोटी रुपयांच्या कर्जातून त्याच दशकात खंडव्याहून इंदूरकडे रेल्वे आली. मात्र मुख्य मार्ग रुंद आणि इंदूरचा मार्ग मीटरमापी असल्यामुळे खंडव्यास डबा बदलावा लागे. सामानाची उचल-आपट तेथे एकदा अधिक होई. अशा प्रवासात कसब दिसे ते घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचे. चिनी मातीची बरणी कधीही रिकामी जात नसे. तिच्या पोटात डाळ किंवा जुनी धोतरे ठासून भरीत, तोंडावर दादरा आवळीत आणि भोवती गोधडी गुंडाळीत. पोकळी राहिली की वस्तू हलते आणि हलली की फुटते, हे शास्त्र त्यांना पुस्तकावाचून अवगत होते. जात्याचा खुंटा काढून दोन्ही तळ्या वेगळ्या करीत व पाटा-वरवंट्यासह तळाशी ठेवीत. तांब्यापितळेची भांडी एकात एक, मध्ये फडकी घालून रचीत. पोत्याचे तोंड दाभणाने शिवले जाई. देव संपुष्टात घालून हाताशी असत. ते सर्वांत शेवटी निघत आणि नव्या घरी सर्वांत आधी बसत.

स्वातंत्र्यानंतर हा अनुभव सरकारी नोकरांच्या पिढीस पुन्हा आला. 28 मे 1948 रोजी मध्यभारत राज्याचे उद्घाटन झाले आणि ग्वाल्हेर ही हिवाळी तर इंदूर ही उन्हाळी राजधानी ठरली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नवे मध्यप्रदेश राज्य अस्तित्वात येऊन राजधानी भोपाळला गेली. उच्च न्यायालय जबलपूरला, महसूल मंडळ ग्वाल्हेरला आणि लोकसेवा आयोग इंदूरला. कचेऱ्यांबरोबर कुटुंबेही हलली. पुढे माझ्या शासकीय सेवेतील बदल्यांच्या वेळीही बांधाबांधीची रीत पुष्कळशी तीच होती. पितळी समई पोहोचे, देव पोहोचत, बरण्याही बहुधा पोहोचत. मागे राहत ते कागद.

वास्तविक कागद बांधण्याची आपली रीत उत्तम होती. मोडी लिहिलेले लांब बंद घडी घालून, विषयवार गड्डी करून, चौकोनी कापडात गाठीने बांधीत. यालाच रुमाल म्हणतात. आत वेखंडाचा तुकडा किंवा वाळलेला कडुनिंबाचा पाला असे. पुण्याचे पेशवे दफ्तर अशा रुमालांतूनच टिकले आणि म्हणून 1930 पासून गो. स. सरदेसाई यांना त्यातील निवडक कागदांचे 45 खंड काढता आले. त्यापूर्वी 1898 पासून वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध केली, तीही बव्हंशी खाजगी घरांतील दफ्तरे धुंडाळून. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' 1907 साली चिंतामणराव वैद्य यांनी फेरफार करून छापला. मूळ हस्तलिखित जपले गेले होते, म्हणूनच पुढे दत्तो वामन पोतदारांना मूळ संहिता 1966 साली वाचकांपुढे ठेवता आली.

आपल्या घरांत मोडी वाचणारी पिढी सरली, तेव्हा रुमालाचे मोल कळेनासे झाले. आज जुने वाडे पाडून मंडळी सदनिकांत जात आहेत. सामान वाहणारे कुशल आहेत, पुठ्ठ्याची खोकी मजबूत आहेत. पण माळ्यावरचे गाठोडे 'रद्दी' म्हणून निघते. जमिनीच्या सनदा, लग्नखर्चाच्या यादी, तीर्थोपाध्यायांची पत्रे, कर्जरोखे यांत एका घराण्याचेच नव्हे, तर त्या काळच्या भावांचे, प्रवासाचे आणि नातेसंबंधांचेही चित्र असते.

यास्तव आपणां सर्वांस विनंती आहे, की घर बदलताना कागदांची बांधाबांध सर्वांत आधी करावी. चिकटलेल्या घड्या बळाने उलगडू नयेत. चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकचे वेष्टणही टाळावे. त्यात ओल कोंडते. धुतलेल्या, खळ नसलेल्या पांढऱ्या सुती कापडात रुमाल बांधावा आणि हे कागद कोणत्या घरातून, कोणत्या कोनाड्यातून निघाले, याची चिठ्ठी आत ठेवावी. पत्र्याच्या कोरड्या ट्रंकेत तो ठेवून ती ट्रंक मालमोटारीत न टाकता स्वतःबरोबर न्यावी. सांभाळणे शक्य नसेल, तर छायाचित्रे घेऊन मूळ कागद पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या किंवा सीतामऊच्या नटनागर शोध संस्थानासारख्या संस्थेकडे देण्याविषयी विचारणा करावी. फुटलेली बरणी बाजारात पुन्हा मिळते. पणजोबांच्या हातची याद एकदा रद्दीत गेली, की ती कोणत्याही दुकानात मिळणार नाही.