भाई कोतवालांच्या शाळा : प्रदर्शनाच्या मांडणीतील एक प्रश्न

सामाजिक न्याय आणि शिक्षणाचा इतिहास या विषयावर ग्रंथालयात प्रदर्शन मांडावयाचे झाले म्हणजे त्यातील साहित्य बहुधा ठरलेले असते : जोतीराव फुले यांचे १८८२ चे हंटर आयोगापुढील निवेदन, शाहू छत्रपतींचा १९१७ चा सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा, सार्वजनिक पाणवठे व शाळा अस्पृश्यांस खुल्या करण्याविषयीचा रावबहादूर बोले यांचा १९२३ चा ठराव, आणि १९२७ चा महाडचा सत्याग्रह. महाड हे त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यातलेच. परंतु त्याच जिल्ह्यातील कर्जत-खालापूर हा डोंगराळ भाग या मांडणीत सहसा येत नाही.

याचा अर्थ तेथे सांगण्यासारखे काही घडले नाही, असा मात्र नव्हे. माथेरानच्या नाभिक कुटुंबात १९१२ साली जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल कायद्याचे पदवीधर झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, आणि त्यांनी कर्जत तालुक्यातील खेड्यांत शेतकऱ्यांसाठी स्वयंसेवी शाळा काढल्या. त्याच काळात त्यांनी धान्यकोठारेही उभारली. ही दोन कामे वेगळी समजणे चुकीचे होय. पावसाळ्यात सावकाराकडून सवाई-दिढीने खावटी उचलणाऱ्या कुळास दस्तऐवजात काय लिहिले आहे हे वाचता येत नसे. तो अंगठा उठवून मोकळा होई, आणि कर्ज मात्र मोकळे होत नसे. कोठाराने धान्याची गरज भागवावयाची, शाळेने अंगठ्याची जागा सहीने घ्यावयाची, अशी ही जोडयोजना दिसते.

प्रदर्शनात कोतवाल असतातच, पण ते स्वातंत्र्यलढ्याच्या कपाटात. खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये सुरू झाले. याच मुलखातून मुंबईकडे वीज नेणारे मनोरे १९४२ च्या उत्तरार्धात त्यांच्या आझाद दस्त्याने पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात ते आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीस बळी पडले. मनोऱ्यांची नोंद राहिली आणि शाळा विस्मरणात गेल्या, याचे कारण दप्तराच्या स्वभावात आहे. अनुदान नाही, तपासणी नाही, अशी शाळा सरकारी कागदात क्वचितच उमटते. गुन्हा तत्काळ उमटतो. संशोधकाने या असमतोलास इतिहास समजू नये.

तथापि या शाळांना अवास्तव श्रेयही देता येणार नाही. पावसाळा सरताच कोळशाच्या भट्ट्यांवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांची मुले आईबापांबरोबर जात. गावात स्थिर असलेली शाळा, ती स्वयंसेवी असो वा १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याखालील असो, त्यांच्या मागे जाऊ शकत नव्हती. म्हणून कर्जतच्या प्रदर्शनात भाईंच्या छायाचित्राशेजारी बंदुकीऐवजी अंगठ्याचा एखादा जुना कर्जरोखा ठेवावा, आणि त्यालगत पटावरील गैरहजेरीचे पानही उघडे ठेवावे.