एकहाती मासिक

लेखकाला आपल्या मनासारखे लिहायचे आहे. वर मालक नको, संपादक नको. मग त्याने काय करावे? तुम्ही म्हणाल, स्वतःचे पत्र काढावे! उत्तर सोपे आहे खरे. पण ते निभावताना काय काय सोसावे लागते, हे पाहायचे तर ‘निबंधमाले’चा इतिहास चाळावा.

‘निबंधमाला’ निघाली १८७४ च्या जानेवारीत, पुण्यास. कर्ते विष्णुशास्त्री चिपळूणकर तेव्हा अवघे तेवीस वर्षांचे. त्याआधी वृत्तपत्री लेखन मराठीत झाले नव्हते असे नाही. लोकहितवादींची ‘शतपत्रे’ १८४८ पासून ‘प्रभाकरा’त आली होती, पण ते पत्र भाऊ महाजनांचे. शास्त्रीबोवांनी घरच आपले बांधले. १८८१ पर्यंत मालेचे ८४ अंक निघाले आणि त्यांतला बहुतेक मजकूर त्यांच्या एकट्याच्या हातचा! भाषा, इतिहास, मोरोपंतांची कविता, सगळे विषय तेच हाताळणार. प्रकृती बरी नाही, आज काही सुचत नाही, या सबबी सांगायच्या तरी कुणाला?

असा उद्योग इंग्लंडात डॉक्टर जॉन्सनने केला होता. १७५० ते १७५२ या दोन वर्षांत त्याने ‘रॅम्बलर’ आठवड्यातून दोनदा, जवळजवळ एकट्याने लिहून काढले. शास्त्रीबोवांना जॉन्सन फार प्रिय. मालेत त्याच्यावर त्यांनी मोठा निबंधच लिहिला.

पण पोटाचे काय? शास्त्रीबोवा सरकारी शाळेत शिक्षक. पगार सरकारचा आणि लेखणी मात्र स्वतःची, हे जमायचे कसे? त्यांच्याच हाती असलेले ‘शालापत्रक’ सरकारी आश्रयावर चाले. ते सरकारने १८७५ साली बंद केले. पुढे त्यांची रत्नागिरीस बदली झाली. १८७८ साली देशी भाषांतील पत्रांवर लिटनसाहेबाचा कायदा आला. अखेर १८७९ साली त्यांनी नोकरीच सोडली. १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल उघडले, आणि १८८१ च्या जानेवारीत टिळक-आगरकरादी मंडळींसह ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे निघाली. एकट्याची वाट अशी मंडळीच्या रस्त्याला मिळाली.

आता नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. वर संपादक नसला की लेखणी मोकळी होते, तशी ती बेफामही होते. जोतीराव फुल्यांच्या ग्रंथांचा समाचार घेताना शास्त्रीबोवा त्यांच्या भाषेवर, व्याकरणावर तुटून पडले. शूद्रातिशूद्रांच्या दास्याचा जो प्रश्न फुल्यांनी मांडला होता, त्याला उपहास हे उत्तर नव्हते. लोकहितवादींवरही असेच कोरडे ओढलेले दिसतात. “शास्त्रीबोवा, हा परिच्छेद गाळा,” असे म्हणणारा माणूस शेजारी बसलेला नव्हता! आणि स्वतःच स्वतःचा मजकूर गाळणे, हे लिहिण्याहून कितीतरी कठीण.

१७ मार्च १८८२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते वारले. मालेतला त्यांचा ‘आमच्या देशाची स्थिती’ हा शेवटचा निबंध पुढे इंग्रज सरकारने जप्त केला. माणूस जाऊन कित्येक वर्षे लोटली होती, तरी त्या पानांची सरकारला धास्ती वाटत होती. एकट्याच्या लेखणीत एवढे बळ असू शकते. म्हणूनच, वाचकहो, स्वतंत्रपणे लिहू पाहणाऱ्याने ‘माला’ वाचावी ती धैर्य शिकण्यासाठी. आणि फुल्यांवरची पाने वाचावीत ती लेखणी कुठे आवरायची हे कळण्यासाठी.