डेटा सेंटरमधील टाकाऊ उष्णतेचा पुनर्वापर

डेटा सेंटर अर्थात विदा केंद्रातील संगणकांतून बाहेर पडणारी उष्णता वातावरणात न सोडता इमारती तापवण्यासाठी किंवा अन्य कामांसाठी वापरणे, यास टाकाऊ उष्णतेचा पुनर्वापर म्हणतात. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील एकूण वीजवापरापैकी सुमारे १.५ टक्के वीज विदा केंद्रांनी वापरली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रसारामुळे हे प्रमाण वाढत आहे.

कार्यपद्धती

संगणकांना पुरवलेल्या जवळजवळ सर्व विजेचे रूपांतर अखेरीस उष्णतेत होते. हवेने थंड केल्या जाणाऱ्या केंद्रांतून बाहेर पडणारी हवा साधारणपणे ३० ते ४० अंश सेल्सिअस तापमानाची असते. घरे तापवण्यासाठी ते बहुधा अपुरे पडत असल्याने हीट पंपाच्या साहाय्याने ही उष्णता अधिक तापमानाच्या पाण्यात आणली जाते. हे पाणी भूमिगत नळांद्वारे घरोघरी पोहोचवले जाते.

उदाहरणे

डेन्मार्कमधील ओडेन्से येथे मेटा कंपनीच्या, तर फिनलंडमधील मॅन्त्सॅला येथे मूळच्या यांडेक्स कंपनीच्या केंद्राची उष्णता शहराच्या तापनव्यवस्थेला दिली जाते. डब्लिनजवळील टाला येथे अशा उष्णतेवर सार्वजनिक इमारती तापवल्या जातात. पॅरिसलगतच्या सेंट-डेनिस येथील ऑलिंपिक जलतरण केंद्रालाही ती पुरवली जाते. जर्मनीच्या २०२३ च्या ऊर्जा कार्यक्षमता कायद्यात, काही अपवाद वगळता, १ जुलै २०२६ पासून सुरू होणाऱ्या केंद्रांना किमान १० टक्के ऊर्जेचा पुनर्वापर बंधनकारक करण्याची तरतूद करण्यात आली.

कृत्रिम बुद्धिमत्तेची भूमिका

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे उष्णता वाढते, तशीच तिच्या व्यवस्थापनातही तिची मदत होते. डीपमाइंडच्या यंत्र-अध्ययन प्रणालीमुळे आपल्या केंद्रांतील शीतकरणाची वीज ४० टक्क्यांपर्यंत कमी झाल्याचे गूगलने २०१६ मध्ये जाहीर केले. ही बचत शीतकरणापुरती होती. संगणकांच्या वीजवापराचा तिच्यात समावेश नव्हता.

मर्यादा

पुनर्वापरामुळे केंद्राचा स्वतःचा वीजवापर घटत नाही. कोळसा, तेल किंवा नैसर्गिक वायू जाळून मिळणाऱ्या उष्णतेची जागा या उष्णतेने घेतली, तरच उत्सर्जन कमी होते. हीट पंपालाही वीज लागते. शिवाय उष्णता दूरवर नेणे खर्चिक असल्याने ग्राहक जवळ असावा लागतो. तापनाची मागणी उन्हाळ्यात घटते, केंद्र मात्र वर्षभर चालू असते. भारतातील विदा केंद्रांचा मोठा वाटा असलेल्या मुंबई व नवी मुंबईत घरे तापवण्याची गरजच नसल्याने युरोपातील ही पद्धत तेथे जशीच्या तशी लागू पडत नाही. उष्ण प्रदेशांत उष्णतेवर चालणारी शीतकरण यंत्रे किंवा औद्योगिक वाळवण हे पर्याय संभवतात. परंतु त्यांसाठी बहुधा अधिक तापमानाची उष्णता लागते.