कर्मचाऱ्यांच्या ऑनलाइन खात्यांचे संरक्षण

कर्मचारी वा उमेदवार यांच्या वैयक्तिक ऑनलाइन खात्यांत सक्तीने प्रवेश मिळवण्यास मालकांना मनाई करणारे अमेरिकेतील घटकराज्यांचे कायदे. मेरिलंडच्या तुरुंग प्रशासनाने २०१० मध्ये एका कर्मचाऱ्याकडे मुलाखतीत फेसबुकचा पासवर्ड मागितला. त्यावरील आक्षेपांनंतर २०१२ मध्ये या राज्याने देशातील असा पहिला कायदा केला. त्याच वर्षी इलिनॉय व कॅलिफोर्निया यांनी कायदे केले. पासवर्ड मागणे व नकाराबद्दल बडतर्फ करणे यांस या कायद्यांत बंदी असते. मालकासमक्ष खाते उघडायला लावण्यासही अनेक राज्यांत मनाई आहे (पहा : गोपनीयतेचा अधिकार). सार्वजनिक मजकूर, मालकाने पुरवलेली उपकरणे व गैरवर्तनाची चौकशी यांबाबत सामान्यतः अपवाद असतात. उपजीविकेसाठी मालकावर अवलंबून असलेल्या व्यक्तीचे खाजगी जीवन आणि तिच्याशी संवाद साधणाऱ्यांची गोपनीयता यांना या कायद्यांमुळे आधार मिळतो (पहा : कामगार कायदे).