दूरचित्रवाणीच्या मुद्रित फायली : प्लेबॅकमधील दोष

ट्यूनर कार्डाने मुद्रित केलेले प्रक्षेपण बहुधा ‘ट्रान्सपोर्ट स्ट्रीम’ या रचनेत, म्हणजे १८८ बाइटांच्या पाकिटांच्या अखंड प्रवाहात साठवले जाते; या प्रवाहाला अनुक्रमणिका नसल्यामुळे फायलीची लांबी मीडिया प्लेअरला अंदाजानेच काढावी लागते. लालबागच्या राजाची विसर्जन मिरवणूक अनंत चतुर्दशीला निघून दुसऱ्या दिवशी गिरगाव चौपाटीवर पोहोचते व तिच्या सलग मुद्रणात हा दोष विशेष जाणवतो, कारण पाकिटांतील वेळ नोंदवणारा ३३ बिटांचा गणक सुमारे २६.५ तासांनी पुन्हा शून्यावर येतो आणि तो क्षण मुद्रणात कोठेही आला, की काही प्लेअरांची सरकपट्टी भलताच कालावधी दाखवते किंवा हवा तो प्रसंग गाठता येत नाही. मिरवणुकीत नाचणाऱ्यांच्या हातांच्या कडांवर दिसणाऱ्या आडव्या दातेरी रेघांचे कारण मात्र निराळे आहे : प्रक्षेपणात सेकंदाला ५० अर्धचित्रे आलटून-पालटून येतात (इंटरलेसिंग) आणि ‘डीइंटरलेस’ सोय चालू केल्यावर त्या रेघा जातात. सेट-टॉप बॉक्सने कूटबद्ध केलेली फाइल सहसा दुसऱ्या यंत्रावर उघडत नाही. इतर फायलींतील चित्र-ध्वनी पुन्हा संकुचित न करता ‘एमकेव्ही’ फायलीत भरल्यास कालावधीच्या व सरकपट्टीच्या बहुतेक अडचणी सुटतात. तरीही मूळ फाइल पुसू नये.