चाल म्हणजे काय?

बुद्धिबळात किल्लेकोट करताना राजा दोन घरे सरकतो. तो ज्या घरावरून जातो ते घर शत्रूच्या माऱ्यात असेल, तर ही चाल करता येत नाही. हत्तीला मात्र हे बंधन नाही. म्हणजे राजाच्या बाबतीत नियम मधला प्रवास खरा मानतो, हत्तीच्या बाबतीत नाही. 'चाल' म्हणजे केवळ आरंभ आणि शेवट, की मधली वाटही? युद्धखेळांचा इतिहास हा बऱ्याच अंशी या प्रश्नाचा इतिहास आहे.

जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील गणिताचे शिक्षक आणि कीटकांचे अभ्यासक हेल्विग यांनी १७८० मध्ये बुद्धिबळावरून लष्करी डावपेच शिकवणारा खेळ तयार केला. पटावर दीड हजारांहून अधिक घरे होती आणि रंगांवरून जमिनीचा प्रकार कळे. पण सैन्य अजून घरांतूनच चालत होते. खऱ्या जमिनीवर कुठे घरे आखलेली असतात?

प्रशियात राइसवित्झ पितापुत्रांनी ही चौकट मोडली. वडिलांनी १८१२ मध्ये राजाला भूप्रदेशाची प्रतिकृती असलेले खेळाचे टेबल दाखवले. तोफखान्यात लेफ्टनंट असलेल्या मुलाने १८२४ मध्ये हा खेळ १:८००० प्रमाणाच्या नकाशावर आणला आणि एक डाव म्हणजे प्रत्यक्षातली दोन मिनिटे असे ठरवले. समजा, पायदळ मिनिटाला ८० मीटर चालते. दोन मिनिटांत १६० मीटर, म्हणजे नकाशावर २ सेंटिमीटर. आता चालीला वेग मिळाला. खेळाडू लेखी हुकूम देत, पंच ठोकळे सरकवत. वाटेत शत्रू दिसला तर काय, हे पंच ठरवत.

पुढे नियम आणि कोष्टके वाढत गेली. १८७६ मध्ये व्हर्दी द्यू व्हेर्नुआ या प्रशियन अधिकाऱ्याने सुचवले, की कोष्टके बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ चालवावा. यामुळे खेळ वेगवान झाला. पण एकाच प्रसंगी दोन पंच दोन निर्णय देऊ शकत होते. काटेकोर नियम की जाणकाराचा विवेक? ज्या खेळातून उद्याचे सेनाधिकारी घडायचे, तिथे हा वाद निव्वळ करमणुकीचा नव्हता.

घरी खेळणाऱ्यांना पंच कुठून मिळणार? एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये खेळण्यातल्या सैनिकांसाठी सोपा नियम दिला: पायदळ एका चालीत फार तर एक फूट, घोडदळ दोन फूट.

इंग्लंडमध्ये १९८७ साली आलेल्या 'वॉरहॅमर ४०,०००' या भविष्यकाळातील युद्धाच्या खेळात काही सैनिक 'टेलिपोर्ट' होतात, म्हणजे मधले अंतर न चालता थेट रणभूमीवर प्रकटतात. असा सैनिक हलला म्हणायचा की नाही? २०१७ च्या आवृत्तीने उत्तर लिहूनच टाकले. त्याला शत्रूपासून ९ इंचांहून दूर ठेवावे. त्या फेरीत तो पुढे चालू शकत नाही. आणि तो 'हलला' असेच धरावे. त्यामुळे जड शस्त्र चालवताना नेमबाजीच्या फाशावरील आकड्यातून एक वजा होतो. एक पाऊलही न टाकता चालण्याचा दंड! इथे 'हलणे' ही निसर्गातली घटना नाही, नियमाने केलेली व्याख्या आहे.

भौतिकशास्त्र शिकवताना आपण 'अंतर' आणि 'विस्थापन' यांत फरक करतो, तो याच कारणाने. एकाला वाट लागते; दुसऱ्याला फक्त दोन टोके पुरतात. हा धडा शिकवण्यापूर्वी वर्गात सापशिडीचा पट मांडून पाहावा. शिडी चढताना सोंगटी एखाद्या सापाच्या तोंडावरून गेली, तर साप तिला गिळतो का? मुले एकमुखाने 'नाही' म्हणतील. मग विचारावे: हे कोणत्या नियमात लिहिले आहे?